पुराची रेघ आणि ताळेबंद

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फूट झाले की इशारा आणि ४५ झाले की धोका, हे सरकारी आकडे वर्तमानपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. २००५ साली हे पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांच्याही वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ फुटांच्या आसपास येऊन थांबले. परंतु नदीकाठच्या पेठेत ज्याचे दुकान आहे त्याचे या सरकारी आकड्यांवर भागत नाही. त्याचा स्वतःचा असा एक आकडा असतो. आयर्विनला अमुक फूट झाले की गल्लीच्या तोंडाशी पाणी, त्यावर दोन फूट चढले की उंबऱ्याशी, आणि आणखी तीन चढले की फळीवरच्या मालाला हात लागणार, हे त्याला तोंडपाठ असते. रात्री दोन वाजता तो रेडिओ किंवा हल्ली हातातला फोन कानाशी लावून बसतो तो याच एका आकड्यासाठी.

आता एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल हाती घेऊन त्यात हा आकडा शोधावा. जमीन, इमारती, यंत्रसामग्री यांची खरेदीकिंमत सापडेल. दर वर्षी किती घसारा काढला तेही सापडेल. कोणते यंत्र किती रुपयांचे हे हिशेबाला ठाऊक आहे. ते यंत्र जमिनीपासून किती उंचीवर बसवले आहे आणि शेजारची नदी कोठवर येऊन गेली आहे, हे मात्र हिशेबाला ठाऊक नाही. पेठेतल्या दुकानदाराला जे कळते ते शेकडो कोटींच्या कंपनीच्या कागदावर का येत नाही आणि ते कसे आणावे, एवढाच आजचा विषय आहे.

हवामान बदलामुळे उद्योगधंद्यांवर येणाऱ्या जोखमींची जी विभागणी आज सर्वत्र वापरतात ती २९ सप्टेंबर २०१५ रोजी लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारात केलेल्या एका भाषणामुळे रूढ झाली. बँक ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी तेथे तीन जोखमी सांगितल्या. पूर, वादळ, अवर्षण, उष्मा यांनी प्रत्यक्ष मालमत्तेचे आणि कामकाजाचे होणारे नुकसान ही भौतिक जोखीम. ज्यांचे नुकसान झाले ते उद्या भरपाई मागतील ही दायित्वाची जोखीम. आणि जग कोळसा-तेलापासून दूर जाऊ लागले म्हणजे जुन्या धंद्यांची किंमत उतरेल ही संक्रमणाची जोखीम. पैकी तिसरीची चर्चा फार होते, कारण तिच्यात राजकारण आहे. पहिली तशी गावंढळ. तिच्यात चिखल आहे, गंज आहे, भिजलेल्या वह्या आहेत. मला बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

पूर काही आजचे नाहीत, पुण्याने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा दिवस पाहिला आहे, मग आताच हा गवगवा का, असे कोणी विचारील. पानशेतचा प्रकार वेगळा होता. तेथे धरण फुटले. पावसाचे म्हणाल तर हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. या नियमाचा आपल्या आभाळात काय परिणाम होतो ते येथल्याच पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले : १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर पसरून पडणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. त्याच काळात त्या भागातला मोसमाचा एकूण पाऊस मात्र कमी होत गेला. याचा व्यावहारिक अर्थ असा की, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातल्या जुन्या सरासऱ्या काढून त्यांवर कारखान्याचे गटार आखणारा इंजिनीयर आता फसण्याचा संभव आहे. सरासरी खोटी नसते. पण गटार सरासरीने तुंबत नाही, ते एका दिवसाने तुंबते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ पडला. सरासरी काढावयाची तरी कोणाची?

या विषयाचा खरा धडा जगातल्या कारखानदारांना मिळाला तो थायलंडमध्ये, २०११ साली. ती हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

बँकॉकच्या उत्तरेस सत्तरएक किलोमीटरांवर अयुथ्या नावाचे गाव आहे. ही सयामची जुनी राजधानी. नावात आपली अयोध्या आहे हे कानाला लगेच कळते. चाओ फ्राया नदीचे हे सखल खोरे. येथला शेतकरी पूर्वापार एक विशेष जातीचा भात लावीत असे; पुराचे पाणी जसजसे चढेल तसतसा त्या भाताचा कांडा लांब होत जाई आणि लोंबी पाण्याच्या वर राही. घरेही खांबांवर उंच बांधलेली. म्हणजे त्या खोऱ्यात पाणी येते ही गोष्ट भाताला ठाऊक होती, घरांना ठाऊक होती. अशा जमिनीवर भराव घालून पुढे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. जमीन सपाट, स्वस्त, बंदराला जवळ. जपानी आणि अमेरिकन कंपन्या आल्या, आणि त्यांनी आपली यंत्रे जमिनीलगत बसवली, कारण जड यंत्र जमिनीलगत बसवणे हेच सोयीचे.

२०११ च्या पावसाळ्यात वादळामागून वादळ येत गेले. वरची भूमिबोल आणि सिरिकित ही मोठी धरणे ऑक्टोबरपर्यंत काठोकाठ भरली व पाणी सोडणे भाग पडले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली वसाहत बुडाली आणि महिना संपण्यापूर्वी अशा सात मोठ्या वसाहती पाण्याखाली गेल्या. आठशेच्या वर कारखाने बुडाले, आठशेच्या वर माणसेही दगावली. पूरनिवारणाचे सरकारी मुख्य कार्यालय बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावर थाटले होते. पाणी तेथेही शिरले आणि पूरनिवारणाच्या कार्यालयालाच बिऱ्हाड हलवावे लागले. जागतिक बँकेने एकंदर हानी सुमारे ४६ अब्ज डॉलर धरली आणि तिच्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या कारखानदारीचा होता.

होंडा कंपनीचा अयुथ्याचा मोटारींचा कारखाना ऑक्टोबरात बंद पडला तो २०१२ च्या मार्चअखेर पुन्हा चालू झाला. आवारात उभ्या असलेल्या १,०५५ नव्या मोटारी पाण्यात गेल्या. त्या कंपनीने भंगारात काढल्या, आणि त्यांतला एकही भाग बाजारात जाऊ नये म्हणून जाहीरपणे काढल्या. वेस्टर्न डिजिटल ही कंपनी गणकयंत्राच्या साठवणुकीच्या तबकड्या, म्हणजे हार्ड डिस्क, तयार करणारी. तिने पाणबुडे उतरवून बुडालेली यंत्रसामग्री वर काढवली. त्या वेळी जगातल्या जवळजवळ चाळीस टक्के हार्ड डिस्क थायलंडात तयार होत. काही आठवड्यांत त्यांचे भाव सर्व जगात भडकले.

पण याहून बोधप्रद गोष्ट आहे ती ज्यांचे कारखाने बुडाले नाहीत त्यांची. टोयोटाच्या थायलंडातील कारखान्यांत पाणी शिरले नव्हते. तरी ते कित्येक आठवडे बंद राहिले, कारण सुटे भाग पुरवणारे बुडाले होते. हार्ड डिस्क करणाऱ्या सीगेट कंपनीचीही तीच गत : स्वतःचे कारखाने कोरडे आणि माल येईना. होंडाला अमेरिकेतल्या कारखान्यांत उत्पादन कमी करावे लागले. त्या वर्षी किती नफा होईल याचा आपला अंदाज तिने ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मागे घेतला. कंपनीच्या भाषेत हे फार मोठे वाक्य आहे. आमच्या मालापैकी किती माल किती उंचीवरच्या किती लोकांच्या हातून येतो हे आम्हाला आज सांगता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पुराचा पुढे ज्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला त्यांनी २०१२ साली असे लिहिले की, त्या वर्षीचा पाऊस इतिहासात न बसण्याइतका विलक्षण नव्हता. हवामान बदलाचा ठसा त्यात स्पष्ट दिसत नाही. नुकसान एवढे झाले ते पाण्याच्या वाटेत काय काय येऊन उभे राहिले होते त्यामुळे. हवामान बदलाची व्याख्याने देणाऱ्यांना हे वाक्य अडचणीचे वाटते. मला ते सर्वांत उपयोगाचे वाटते. जोखीम आभाळात अर्धी असते आणि उरलेली अर्धी जमिनीवर, आपण मांडलेल्या सामानात. आभाळाची अर्धी बाजू वाढते आहे याबद्दल आता वाद उरलेला नाही. पण कंपनीच्या हाती आहे ती दुसरी अर्धी, आणि तिची नोंद करायला शास्त्रज्ञ लागत नाही, टेप लागते.

टेपेची गोष्ट न्यूयॉर्कला वर्षभरातच निघाली. तेथे कॉन्सॉलिडेटेड एडिसन ही जुनी वीज कंपनी आहे. लोक तिला कॉन एडिसन म्हणतात. ईस्ट नदीच्या काठी तिचे एक मोठे उपकेंद्र आहे. नदीचे पाणी साडेबारा फूट चढले तरी चालेल अशा हिशेबाने ते राखलेले होते. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळाने समुद्र आत लोटला तो सुमारे चौदा फुटांपर्यंत. उपकेंद्रात स्फोट झाला आणि मॅनहॅटनचा दक्षिण भाग सुमारे चार दिवस अंधारात राहिला. दीड फुटाची ही गोष्ट.

पुढे काय झाले ते अधिक ध्यानात घेण्याजोगे आहे. दुरुस्ती आणि बंदोबस्त यांसाठी कंपनीने चार वर्षांचा सुमारे एक अब्ज डॉलरांचा बेत आखला आणि त्यासाठी वीजदर वाढवून मागितला. दरवाढीची सुनावणी लोकसेवा आयोगापुढे उघडपणे होते. तेथे शहराचे, राज्याचे, विद्यापीठाचे आणि पर्यावरणवादी संस्थांचे लोक उभे राहिले. पैसे देऊ, पण झालेल्या वादळाएवढीच भिंत बांधणार की होणाऱ्या वादळाचा विचार करणार, हा त्यांचा प्रश्न होता. २०१४ साली आयोगाने निर्णय दिला, आणि सरकारी नकाशातील पूररेषेच्या वर तीन फूट हे माप ठरले. शिवाय पुढील कित्येक दशकांत उष्मा, पाऊस आणि समुद्र यांचा कंपनीच्या कोणत्या सामग्रीवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करण्याचे कंपनीच्या गळ्यात पडले. तो अभ्यास २०१९ च्या अखेरीस छापून प्रसिद्ध झाला. कोणीही वाचावा. कंपनी काही उदार झाली नव्हती. पैसे मागण्यासाठी तिला दाराशी यावे लागले आणि दाराशी आलेल्याला चार प्रश्न विचारता येतात.

पाण्याने जसे बुडते तसे पाण्यावाचूनही बंद पडते. आपल्याकडे परळी वैजनाथचे औष्णिक वीज केंद्र १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागेचे. पुढे ते वाढत वाढत अकराशेहून अधिक मेगावॉटचे झाले. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याला पाणी पुरवणारा खडका बंधारा आटला आणि सारे केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, माणसे होती, यंत्रे धडधाकट होती. जोखमीचे हे दोन प्रकार परिभाषेतही निराळे ठेवतात : पूर, वादळ ही अकस्मात येणारी, अवर्षण, वाढता उष्मा, वर सरकणारा समुद्र ही रेंगाळत येणारी. अकस्मात येणाऱ्याची बातमी होते. रेंगाळणारीचा मात्र प्रत्येक वर्षी खुलासा होतो, आणि तो खुलासा अपवादाचा असतो : यंदा पाऊस कमी, यंदा उन्हाळा कडक. असे तीन-चार खुलासे ओळीने मांडले म्हणजे अपवाद कोणता आणि नियम कोणता हे ओळखू येते. पण मांडतो कोण?

आता उद्योग याला तोंड कसे देतात ते थोडक्यात. सामान उंच नेतात. वीजखोल्या तळघरातून वर काढतात. एकाच खोऱ्यातल्या पुरवठादारांवर विसंबत नाहीत. पाणी पुन्हापुन्हा वापरतात. उन्हात काम करणाऱ्यांच्या पाळ्या पहाटे घेतात. हे सर्व चांगले. आणि भिंत बांधतात. भिंतीबद्दल मला जरा थांबून बोलायचे आहे.

थायलंडात पुरानंतर औद्योगिक वसाहतींभोवती मोठमोठे बांध उभे राहिले. कंपनीच्या अहवालात ही गोष्ट जोखीम कमी केल्याची म्हणून जमेच्या बाजूला लागते, आणि कंपनीपुरते ते खरेच आहे. पण पाणी बांधाला अडले म्हणजे नाहीसे होत नाही. २०११ च्या ऑक्टोबरअखेरीस बँकॉकच्या पूर्वेस ख्लोंग साम वा येथे कालव्याचा एक दरवाजा अडवून पाणी थोपवले होते. थोपलेले पाणी ज्यांच्या घरांत तुंबले ते लोक जमावाने आले आणि त्यांनी दरवाजा वर उचलायला लावला. अधिकाऱ्यांना भीती ही की, त्यामुळे पलीकडची बांग चान ही औद्योगिक वसाहत बुडेल. कोणाचे चुकले? वसाहतीत हजारो लोकांची पोटे होती आणि अलीकडे हजारो लोकांचे संसार गुडघाभर पाण्यात होते. मला याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. एवढे मात्र म्हणेन की, ज्या अहवालात बांधाची उंची लिहिली त्याच अहवालात, बांधामुळे पाणी कोणाच्या शिवारात गेले, याची एक ओळ असली पाहिजे. तशी ओळ मी अजून वाचलेली नाही.

आणि आता लिहिण्याचा प्रश्न. कार्नी यांच्या भाषणानंतर दोन-अडीच महिन्यांत, डिसेंबर २०१५ मध्ये, आंतरराष्ट्रीय वित्तीय स्थैर्य मंडळाने मायकेल ब्लूमबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिदल नेमले. त्याने २०१७ च्या जूनमध्ये सांगितले की, कंपन्यांनी चार गोष्टी लिहाव्यात : या विषयाकडे संचालकांपैकी कोण पाहतो, धंद्याच्या धोरणावर काय परिणाम होईल, जोखीम हेरण्याची रीत कोणती, आणि मोजमाप काय. २०२३ साली हे दल विसर्जित झाले, कारण त्याचे काम आंतरराष्ट्रीय हिशेब-प्रमाणके करणाऱ्या संस्थेच्या नव्या मंडळाने उचलले. त्या मंडळाच्या जून २०२३ च्या प्रमाणकात एक कलम आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या मालमत्तेपैकी किंवा कामकाजापैकी किती रकमेचा आणि किती टक्के भाग भौतिक जोखमीच्या टप्प्यात आहे, ते आकड्यात सांगा, असे ते म्हणते. आकड्यात! अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये आपला वेगळा नियम केला, पण तो लगेच कोर्टकचेऱ्यांत अडकला आणि वर्षभरात आयोगानेच त्याची बाजू मांडणे सोडले.

आपल्याकडे सेबीने २०२१ साली व्यवसायाची जबाबदारी आणि टिकाऊपणा यांविषयीच्या अहवालाचा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना तो सक्तीचा केला. ही मोठीच गोष्ट झाली. पण नमुना बारकाईने पाहावा. त्यात प्रश्नांचे दोन वर्ग आहेत. एक उत्तर द्यावेच लागेल असा, दुसरा पुढारलेल्या कंपनीने हौसेने द्यावा असा. पाण्याची टंचाई असलेल्या भागात तुमचा कोणता कारखाना आहे, त्या भागाचे नाव काय, आणि तेथून किती पाणी उचलता, हा प्रश्न दुसऱ्या वर्गात आहे. आपत्तीला तोंड देण्याची काही योजना तुमच्यापाशी आहे काय, हाही दुसऱ्याच वर्गात आहे, आणि त्याचे उत्तर शंभर शब्दांत मागितले आहे. म्हणजे ज्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना गावाचे नाव घ्यावे लागेल ते दोन्ही ऐच्छिक!

कंपन्यांचेही एक म्हणणे आहे आणि ते ऐकले पाहिजे. आमची जागा पुराच्या टप्प्यात आहे असे आम्ही खरे लिहिले आणि शेजाऱ्याने गप्प राहायचे ठरवले, तर विमा आमचा महागेल आणि कर्ज आम्हाला चढ्या व्याजाने मिळेल. खरे बोलणाराच भुर्दंड का भरील? या तक्रारीत तथ्य आहे. विम्याचा करार वर्षाचा असतो आणि कारखाना तीस वर्षांचा; विमेदार एका पत्राने बाजूला होऊ शकतो. थायलंडात पुरानंतर विमा कंपन्या पुराची जोखीम घेईनात, तेव्हा २०१२ साली सरकारला स्वतःचा ५० अब्ज बाथचा निधी उभारावा लागला. कॅलिफोर्नियात २०२३ च्या मे महिन्यात स्टेट फार्म या बड्या विमा कंपनीने घरांचे नवे विमे घेणेच थांबवले. या भीतीवर मला एकच उपाय दिसतो. गावाचे नाव आणि फुटांचा आकडा हे दोन्ही सर्वांना सक्तीचे करणे. मग खरे बोलण्याचा दंड एकट्यादुकट्याला बसणार नाही.

पण ज्याला अहवालच लिहायचा नसतो त्याचे काय? २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. त्या पेठेतल्या कापडवाल्याला ना भागधारक, ना सेबी. त्याची जोखीम तो कोणापुढे जाहीर करणार? त्याला कर्ज देणाऱ्या पतपेढीपुढे. आणि पतपेढीने पूररेषेचा नकाशा पाहून हात आखडला तर मोठ्या कंपनीसाठी केलेल्या चांगल्या नियमाचा पहिला फटका या माणसाला बसेल. रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या फेब्रुवारीत बँकांनी हवामानाची जोखीम कशी जाहीर करावी याचा मसुदा काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अशा माहितीचा एक भांडार करण्याचे जाहीर केले. त्या भांडाराचा उपयोग कर्ज नाकारण्यासाठी होणार की दुकानाचे जोते दोन फूट वर उचलण्यासाठी कर्ज देण्याला होणार, हे कोठल्याही प्रमाणकात लिहिलेले नाही.

शेवटी माझ्या व्यवसायातला एक अनुभव सांगतो. मी हिशेबतपासनीस. नदीकाठच्या एका कारखान्यात मालाची मोजदाद करायला गेलो होतो. गोदामाच्या भिंतीवर छातीइतक्या उंचीवर तांबड्या रंगाची आडवी रेघ होती. स्टोअरकीपर म्हणाले, मागच्या पुराची. तांब्याची तार, बेअरिंगा, मोटारी हा सगळा भारी माल त्यांनी रेघेच्या वरच्या मांडण्यांवर चढवून ठेवला होता. खाली लोखंडी पट्ट्या आणि रिकामे ड्रम. कोणी सांगितले म्हणून विचारले, तर त्यांनी हात जोडून नदीकडे दाखवले. कारखान्याचे मुख्य स्विचबोर्ड मात्र रेघेच्या दीड फूट खाली होते. त्याचा आराखडा मुंबईहून आला होता. कंपनीच्या अहवालात त्या वर्षी एवढेच वाक्य होते की, नैसर्गिक आपत्तींची सर्वसाधारण जोखीम धंद्याला आहे.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तो गोदामाला नवा रंग लागलेला. रेघ दिसेना. स्टोअरकीपर म्हणाले, "दसऱ्याला रंग काढला, साहेब. पण त्या उंचीला खिळा मारून ठेवलाय." स्विचबोर्ड वर घेण्याचे अंदाजपत्रक तयार होऊन संचालकांकडे गेले होते; मंजुरी अजून आलेली नव्हती.